परकारांची हरकत

असल्फ्याच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये
अकरा वर्षं मी छत्रीच्या काड्यांचा साचा सांभाळतोय.
पट्टी आत जाते, प्रेस बसतो,
पन्हळ होऊन बाहेर पडते, मिनिटाला चाळीस.
पत्रा आधी अर्धा मिलिमीटर होता.
मालक म्हणाले, जरा उतरवू.
उतरवला. मीच, दुपारच्या डब्याआधी.
पुढच्या वर्षी रिव्हेट पोकळ झाला,
त्याच्या पुढच्या वर्षी टोपण दांड्यावर असं चेपलं
की पुन्हा निघायचं नाव नको.
गिऱ्हाईक म्हणालं, वा, हलकी आहे.

डोंगरीत घड्याळाचं एक बंद दुकान आहे.
त्याच्या पायरीवर गफूर परकार बसतात,
गाव राजापूरकडचं, मराठी माझ्याहून खणखणीत.
दसरा झाला की लोक छत्र्या विसरतात.
पेटीशेजारी बत्तीस उभ्या, चिठ्ठ्या बांधलेल्या:
सुलभा, नळबाजार, मूठ.
मास्तर, घोडा अडकतो.
एकीवर नुसतंच: उंच बाई.

मी बायकोची छत्री पुढे केली,
एक काडी कोपरात मोडलेली.
त्यांनी ती बाजारात भेंडी बघतात तशी बघितली,
टोक वाकवून.
"हा रिव्हेट ज्यानं मारलाय
त्याचं आमच्या हातांशी काय वैर आहे कुणास ठाऊक.
वर एकाच तारेत आठही ओवल्यात.
एक काढायची तर सगळ्या सोडवा.
मोडलंय बोट, आणि म्हणे खांदा उतरवा!"

आमच्या साच्यावर एक ओरखडा आहे,
केसाएवढा, प्रत्येक काडीवर उमटतो.
मी चष्मा वर करून पाहिलं.
होता.

मग आठ रात्री कागद.
कोपराला रिव्हेटऐवजी स्क्रू, टोपणाला आटे,
वरच्या चकतीला अशा खाचा
की एकेक काडी एकटी निघावी, शेजारणीला न उठवता.
मालकांनी हिशेब केला: छत्रीमागे दोन रुपये सत्तर.
"आणि मोडलीच नाही
तर पुढच्या जूनला मी काय विकू, उन्हाळा?"

शेवटी लेथवर मीच एक सांगाडा केला
आणि वर्तमानपत्रात गुंडाळून डोंगरीला नेला.
परकारांनी उघडला, मिटला, पुन्हा उघडला.
चकतीवर अंगठा फिरवून म्हणाले, "हे बरंय."
मग स्क्रूशी आले.
"एवढ्याशा स्क्रूला एवढासा पेचकस लागणार.
तो असायचा ह्या मागच्या घड्याळवाल्याकडे.
आणि ही बंदराची हवा,
गणपतीपर्यंत आटे गंजून एकजीव."
त्यांनी पेटीतून पितळी तार काढली,
भोकातून ओवली, दोन्ही टोकं मुडपली,
सोनार तान्हीच्या कानात घालतो तशी.
"ही नखानं सुटते.
अन् भोकाची कड बघा, खरखरीत आहे.
काडी वाऱ्यानं मोडत नाही हो,
इथून चिरत जाते. वारा नुसता निमित्त."

अकरा वर्षांत कडेबद्दल
माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.
पंच बोथट झाला की कड फाटते, हे मला ठाऊक होतं.
पंच वर्षातून एकदाच घासायचा, हेही ठरलेलं होतं.

नकाशावरचा स्क्रू मी खोडलाय.
त्या जागी भोक, तार, आणि बारीक अक्षरात: कड घासणे.
कागद मालकांच्या खणात पडून आहे,
वर कॅलेंडरवाल्याचं बिल.
पण पंचाला धार लावायला कुणाची सही लागत नाही.
दर शनिवारी, प्रेस गार झाल्यावर, लावतो.
काडी तीच, पत्रा तोच कागदासारखा,
भोक मात्र आता बोटाला लागत नाही.

बायकोची छत्री परवा आणली. तीस रुपये.
मोडलेल्या काडीच्या जागी
कुठल्या तरी जुन्या, जाड छत्रीची काडी,
बाकी सातांपेक्षा काळी.
उघडली की एका बाजूला किंचित झुकते.
बायको म्हणाली, चालेल.

उंच बाई अजून आलेली नाही.